चारच्या उन्हातली सावली

हे खरं आहे, एवढंच सांगते. बाबांनी आणि मी, दोघांनी पाहिलंय.

आई जाऊन सव्वा महिना झाला होता. गुरुवार. दुपारचे चार. आमची बाहेरची खोली.

आई जलरंगात चित्रं काढायची. घरात आता शेवटचं एकच उरलंय. खिडकीशी रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर आईची निळी शाल.

मी ते खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं. दुसरी भिंत बाथरूमला लागून. तिला ओल येते.

फ्रेमवाल्याने बजावलं होतं, "ताई, इथे चारला थेट ऊन येतं. पडदा ओढत जा. निळा एकदा उडाला की उडाला."

आईही हेच सांगायची. शेवटी तिला उभंही राहवत नव्हतं. तरी भिंतीला धरत यायची आणि चारला पडदा ओढायची.

मी घरूनच काम करत होते. पडद्याचं रोज विसरायचे.

आणि रोज पडदा ओढलेला असायचा...

मला वाटलं, बाबा ओढतात. बाबांना वाटलं, मी.

"मी कशाला ओढू? चारला मी घोरत असतो."

"ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे, बाबा."

मग बुधवारी आतून ऐकलं. पडद्याच्या कड्या सरकल्या. खर्र...

थांबल्या.

पुन्हा खर्र...

आई तशीच ओढायची. अर्ध्यावर दम खाऊन.

शेजारच्या खोलीत बाबांचं घोरणं चालूच होतं.

गुरुवारी सकाळी बाबांनी पडदा काढून सरळ भिजत घातला. "धुळीने जड झालाय, म्हणून घसरतो. भूतबित काही नसतं."

चित्र उतरवायचं मात्र दोघांच्याही लक्षात आलं नाही.

चारला आठवलं तशी मी धावले.

भिंतीवर ऊन आलं होतं. स्विचबोर्डवर, कॅलेंडरवर, लख्ख.

चित्रावर नव्हतं...

चित्रावर सावली होती. सैल अंबाडा. डावा खांदा किंचित उतरलेला.

खिडकी आणि भिंतीच्या मध्ये कुणीच नव्हतं.

सावली थरथरत होती. खूप वेळ उभं राहिलेलं माणूस थरथरतं, तशी.

बाबा दारात आले. कोपऱ्यातली खुर्ची उचलून खिडकीशी ठेवली.

"बस गं," म्हणाले. "किती वेळ उभी राहशील?"

माझ्याशी बोलत नव्हते.

सावली हलली नाही.

मग मला कळलं. मी चित्र खिळ्यावरून काढलं आणि छातीशी धरलं.

त्याच क्षणी भिंतभर ऊन पसरलं.

आणि मागे खुर्ची करकरली...

आता पडदा पावणेचारलाच मी ओढते. खुर्ची तिथेच आहे. आम्ही कुणी तिच्यावर बसत नाही. चारला ती एकदा करकरते.

शालीचा निळा अजून तसाच आहे.

पण सोमवारपासून मला ऑफिसला जायचंय. बाबांनी साडेतीनचा गजर लावलाय.

बाबा गजराने उठत नाहीत.