काकांचा राहून गेलेला पेनड्राइव्ह

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. हे घडलंय. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी, रविवारी, भर दुपारी. ज्याच्यासोबत घडलं तो माझा भाचा, दुसऱ्या बहिणीचा मुलगा, आजही हा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातो.

मेहुण्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. भाचा त्यांना काका म्हणायचा, या बहिणीला मावशी. घरातच शिवणकारखाना. प्रत्येक कपड्याचं कटिंग काकांनी कॉम्प्युटरवर काढून ठेवलेलं. कॉम्प्युटर लिनक्सवाला. शिवताना बोटात घालतात ती लोखंडी टोपी, अंगुस्तान, ती न काढताच ते कीबोर्ड बडवायचे. घरभर ऐकू जायचं.

टक्… टक्… टक्.

त्या दिवशी तोच कॉम्प्युटर उठेना. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ, बस्स. आणि सोमवारी दवाखान्याच्या गणवेशांचं कापड कापायला घ्यायचं होतं. नाही घेतलं तर काम दुसरीकडे जाणार, शिवणाऱ्या बायका घरी बसणार.

भाचा कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. तो म्हणाला, रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवू, त्यावरून मशीन सुरू करू आणि फाइली बाहेर काढू. चहा होईपर्यंत होईल.

चहा झाला. जेवण झालं.

काकांचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, आणि पुढच्या खोलीत तो आपल्या लॅपटॉपशी झगडत होता. पेनड्राइव्हवर फाइल लिहायला लावली, शेवटाशी येऊन अडकली. पुन्हा लिहिली, तपासणीत खराब निघाली. कोपऱ्यावरून नवा पेनड्राइव्ह आणला, तर तो यादीत दिसेचना. दिसला, तेव्हा वैतागाच्या भरात पठ्ठ्याने स्वतःच्याच लॅपटॉपची डिस्क पुसायला निवडली. ऐन वेळी लक्षात आलं म्हणून वाचला.

मावशीचे येता-जाता टोमणे चालूच. भाच्याला कमी, नवऱ्याला जास्त. असा एक पेनड्राइव्ह करून ठेवा म्हणून ती किती मागे लागली होती. ‘करतो, करतो’ म्हणत काका गेलेच.

पुन्हा एकदा लिहिणं सुरू झालं, आणि आतल्या खोलीतून…

टक्.

“मावशी, त्याला हात नको लावूस गं.”

“मी कशाला लावू? भांडी घासतेय.”

तिचा आवाज मागच्या मोरीतून आला होता. घरात तिसरं कुणी नव्हतं.

टक्… टक्…

भाच्याच्या मानेवर काटा आला. ते अंगुस्तान काकांच्या बोटातून शेवटपर्यंत निघालं नव्हतं. तसंच गेलं होतं त्यांच्यासोबत.

तो आत गेला.

पडदा उजळलेला. गणवेशांची कटिंगं एकाखाली एक उघडलेली. आणि वरच्या पट्टीत लिहिलेलं… मशीन रिकव्हरी पेनड्राइव्हवरून सुरू आहे.

आधीचा पेनड्राइव्ह यातच राहिला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. वाकून बघितलं.

सगळी पोर्टं रिकामी.

जुना पेनड्राइव्ह त्याच्या खिशात होता. नवा बाहेर, लॅपटॉपला. अजून अर्धाच लिहून झालेला.

मावशी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. वरच्या पट्टीतलं वाचलं.

“आत्ता केला होय,” ती हळूच म्हणाली. मग भाच्याकडे वळली. “बघत काय बसलास? काढ बाहेर ते. परत आळसावले तर?”

त्याने सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. सोमवारी कापड कापलं गेलं.

त्यानंतर ते मशीन उठलं नाही. भाच्याने नंतर पेनड्राइव्ह व्यवस्थित बनवला, तपासला, लावून पाहिला. काळा पडदा, लुकलुकणारी रेघ.

तो म्हणतो, भंगारात दे. मावशी देत नाही. वर कापड झाकून जागच्या जागी ठेवलंय.

“असू दे,” म्हणते. “‘करतो’ म्हणून राहिलेली त्यांची अजून बरीच कामं आहेत.”

भाचा आता तिच्याकडे जातो, पण पुढच्या खोलीतच बसतो. मध्येच बोलता बोलता गप्प होतो…

आणि आतल्या दाराकडे कान देतो.