तीन दातांची कवळी

उमरठची ठकूबाई जेवता जेवता गेली. कवळी घशात अडकली होती. तेराव्याच्या आधीच तिच्या मुलानं, मंगेशनं, पोलिसांत अर्ज दिला. महाडच्या दीक्षा डॉक्टरनं सैल कवळी बसवली म्हणून आई गेली, असं त्यात लिहिलं होतं.

दीक्षा अनुपमाताईंकडे आली. ताई खासगी तपास करत आणि महाडात त्यांना सगळे ओळखत.

"पाच दिवस दवाखान्यात कोणी फिरकलं नाही. मंगेश मला कवळी दाखवत नाही. ताई, माझं चुकलं असेल तर तेही शोधा."

तिनं ठकूबाईच्या वरच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा टेबलावर ठेवला. उजवीकडचे तीन दात नव्हते. कवळीच्या पट्टीची पेन्सिलरेघ मात्र टाळू ओलांडून डाव्या दाढांपर्यंत गेली होती.

"दात उजवीकडचे गेले, मग पट्टी डावीकडे कशाला?" ताईंच्या भाच्यानं, विनीतनं विचारलं.

"एकाच बाजूच्या पकडीवर कवळी डुलते. दोन्हीकडून धरावी लागते."

"म्हणजे खाटेला चार पाय, तसं," विनीत समजल्यासारखा म्हणाला.

ताईंना शिवथरच्या आजोळचे बोळक्या तोंडाचे म्हातारे आठवले. तेव्हा दात गेले की गेले.

उमरठला सून श्रुतिका ओटीवर तांदूळ निवडत होती.

"सासूबाई नीट जेवायच्या का गं?" ताईंनी विचारलं.

"आधी ताट सरकवायच्या. चव लागत नाय म्हणायच्या. शेवटचे आठ दिवस मात्र सुकटीचं कालवण मागून मागून खाल्लं."

"मधे डॉक्टरकडे नेलं होतं?"

"नाय. ह्यांना ग्रिलच्या कामातून सवड कुठं हाय?"

मंगेश शेडमधून आला. "तुम्ही त्या डॉक्टरकडनं आलाय."

"तुझ्या आईसाठी आलेय. कवळी बघू."

त्यानं डबी उघडली. तीन दात, गुलाबी हिरडी, दोन तारा. सगळं मिळून आमसुलाएवढं. ताईंनी कडेवरून बोट फिरवलं.

"एवढीशीच दिली होती?"

"दिली तशीच हाय."

शेडच्या दारात पडलेली कानस ताईंनी उचलून उन्हात धरली.

"हिच्यानं लोखंडच घासतोस ना?"

"मग काय नारळ खवतो?"

विनीत हसला. ताई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताईंनी नवराबायकोला दवाखान्यात बोलावलं. मंगेशच्या डबीतली कवळी त्यांनी साच्यावर ठेवली. ती बरोबर बसली, पण निम्मी रेघ उघडीच राहिली.

"कवळी टाळूच्या आधीच संपते. बाकी कडा गुळगुळीत, ही एक खरखरीत. तुझ्या कानशीत लोखंडाबरोबर गुलाबी कण आहेत, मंगेश. आणि जाण्याच्या आठ दिवस आधी आईला अचानक चव लागायला लागली. टाळूभर पसरलेली कवळी घशात उतरत नाही. एवढीशी उतरते."

"म्हणजे ह्यानं मुद्दाम..." विनीत म्हणाला.

"मुद्दाम करणारा कानस साफ करून ठेवतो."

मंगेशनं हातातली रिकामी डबी मिटली.

"भात मातीसारखा लागतो म्हणायची. म्हटलं, आये, दे इकडं, कापून देतो. त्या दिवशी पोटभर जेवली. म्हणाली, आता कशी चव लागते रे."

श्रुतिका त्याच्याकडे बघतच राहिली. "मला पण नाय सांगितलंत."

"अर्ज मागं घेतो, डॉक्टर."

दीक्षानं मान वर केली नाही. साच्यावरच्या उघड्या रेघेवरून ती अंगठा फिरवत होती.

"कवळी बसवली त्याच दिवशी त्या मलाही म्हणाल्या होत्या, टाळू झाकल्यावर चव कशी लागणार. सवय होईल, आजी, एवढंच बोलले मी. पट्टी कशासाठी आहे, ते सांगितलं नाही."