थांबशील का?

“कोणत्या गाढवाने लिहिलंय हे?” मी स्क्रीनकडे बघत ओरडले.

“मीच तो,” मागून आवाज आला. “भावेश. नवापूरचा.”

मी गर्रकन वळले. निळा युनिफॉर्म, दोन्ही हातांत चहाचे कप, आणि डोळ्यांत... चक्क हसू!

बोईसरच्या या रंगाच्या कारखान्यात मी प्रोग्रामर म्हणून नवीच होते. सहा वर्षांपूर्वी भावेशने हा प्रोग्राम लिहिला होता : प्रत्येक टाकीचं तापमान वाचायला एकेक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे चालणारं काम, आणि तो बंद करायला एकच हुकूम — ‘स्टॉप’. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या नव्या आवृत्तीने तो हुकूमच काढून टाकला होता.

“चालत होतं की, मॅडम!”

“नोंद लिहिता लिहिता थ्रेडची मानगूट धरायचात तुम्ही. मग तापमान नवं, वेळ जुनी.”

“मग आता?”

“आता विचारायचं, थांबशील का? तो हातातली नोंद पुरी करतो, मग आपणहून थांबतो.”

“आणि नाय ऐकलं तर?”

“तो धोका असतोच.”

“लय लाडावलाय तुमी त्याला!”

पाच दिवस आम्ही शेजारी बसून प्रोग्राम बदलला. दुपारी तो डब्यातले ताडगोळे सोलून माझ्यापुढे ठेवायचा. बोटं गार, चिकट... की-बोर्डवर एकमेकांना लागली, तरी कोणीच काढायचं नाही.

बुधवारी तो म्हणाला, “हे चाललं की माझं इथलं काम संपलं. वापीच्या कारखान्यात बोलावतायत, सोमवारपासून. साहेब इथंही ठेवतील, पण...”

तो पुन्हा ताडगोळा सोलू लागला.

शुक्रवारी चाचणी. मी बटण दाबलं. तीन नंबरच्या टाकीचा थ्रेड — तापमान लिहिलं, अठ्ठ्याहत्तर. वेळ लिहिली, दोन एक्केचाळीस. मग अलगद थांबला.

“जमलं!” मी उडीच मारली. पुढच्याच क्षणी आठवलं, त्याचं इथलं काम संपलं.

बाहेर शिफ्टच्या बसचा हॉर्न वाजला. त्याने डबा उचलला. ‘थांबा!’ माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

“भावेश... थांबशील का?”

तो दारातच खिळला. “मला ‘तू’ म्हणालीस.”

“हो.”

“एक मिनिट. हातातलं पुरं करतो.” त्याने मोबाइल काढला, काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरला. वापीच्या साहेबांना मेसेज होता : ‘सर, मी सोमवारपासून येऊ शकत नाही.’

“‘सोमवारपासून’पर्यंत बुधवारीच लिहिलेलं,” तो म्हणाला. “तेव्हापासून अर्धवट हाय.”

त्याने ‘पाठवा’ दाबलं. बस निघून गेली. तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला — आपणहून.