लाल छपराच्या अलीकडे

सात महिने बर्फाने बंद असलेली खिंड उघडली, आणि आम्ही तिघं पहाटेच निघालो: सुतारकाम करणारा माझा दादा, त्याची सहा वर्षांची लेक चिमणी, आणि मी तिची आत्या, पेशाने नर्स. खिंडीपलीकडच्या हवामान केंद्रावर चिमणीची आई नोंदी घ्यायला होती. बदली माणूस येईपर्यंत तिला जागा सोडता येत नव्हती. मग आपणच जायचं, तिला डोळे भरून पाहायचं!

ओढा ओलांडला, निसरड्या मुरुमावरून रांगलो. दुपारी समोरच्या कड्यावर केंद्राचं लाल छप्पर चमकलं!

"आई!" चिमणी धावली. पाय सटकला! तळहात टेकत ती दगडावर आदळली.

कोपर बघता बघता सुजलं, वाकडं झालं. दादाने हात धरला. "वाकडं सरळ करण्यात जन्म गेला माझा. एक हिसका दिला की..."

"खबरदार!" मी ओरडले. "लाकूड आहे का ते? हाडाला लागूनच रक्ताची नळी असते. आहे तसाच राहू दे!"

मनगटाची नाडी लागली, पण बारीक. बोटं गार पडत होती. देवा, सांभाळ!

"दादा, तुझी मोजपट्टी काढ."

घडीची लाकडी पट्टी त्याने हाताच्या बाकाइतकीच वाकवली. मी ओढणीने बांधली. वाकड्याला वाकडंच राहू देत त्याने गाठ बसेपर्यंत पट्टी धरून ठेवली.

"वर तासाभराचीच वाट आहे गं," तो पुटपुटला.

"वर आई आहे, दादा. हाडांचा डॉक्टर खाली आहे."

तो वळला. लेकीला छातीशी घेऊन उतरू लागला. मी नाम घेत पावलं टाकत होते. बापाच्या खांद्यावरून चिमणी मागे पाहत होती. छप्पर लहान झालं. ठिपका झालं. मग तेही नाही!

दिवस मावळायला दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी हाड बसवून दोन बारीक तारा घातल्या.

सकाळी त्या म्हणाल्या, "अंगठा नि बोट जुळवून गोल कर बरं."

चिमणीने केला. बोटं उबदार, गुलाबी!

"शाब्बास! बोटं हलवणारी नस शाबूत आहे."

पण चिमणीने मान झुकवून त्या गोलाला डोळा लावला आणि खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. बाहेर नुसतं धुकं.

"काय दिसतं गं?" मी विचारलं.

"लाल छप्पर."

दादाने आपल्याही बोटांचा गोल करून डोळ्याला लावला.