डिझेलच्या दिवशीचा फोटो

दिवाळीच्या सुट्टीचे तीनच दिवस झाले होते, पण रुद्रनं घरातलं एकही खोकं धड ठेवलं नव्हतं. आईच्या गोळ्यांच्या खोक्यांचे रेल्वेचे डबे झाले. बाबांच्या नव्या चपलांच्या खोक्याचं स्टेशन झालं आणि चपला बिचाऱ्या कोनाड्यात उघड्या पडल्या.

“रंग वाळू दे आधी. बोटांचे ठसे उमटून राहिले,” कोमल म्हणाली.

“तू फोटो काढ फक्त, ताई. रंगाचं मी बघतो,” अकरा वर्षांचा रुद्र म्हणाला. हे त्यानं चौदा वर्षांच्या बहिणीला सांगितलं, नाकाला निळा रंग लावून.

रविवारी ‘रूळमित्र’ ग्रुपवर मॉडेलांचे फोटो टाकायचे होते. ग्रुपमध्ये शंभरावर माणसं होती. वाशीमचा एक किराणा दुकानदार पुठ्ठ्याची इंजिनं करायचा, नांदेडचा एक कॉलेजकुमार पुलांवरच्या गाड्या टिपायचा, आणि वसमतचे जळबाकाका, रेल्वेचे निवृत्त गार्ड, सगळ्यांच्या चुका काढायचे. फोटोबरोबर इंजिनाचा नंबर, तारीख आणि वेळ लिहायलाच हवी. आणि फोटोत इंजिन सोडून दुसरं काही नको. कोमलच्या पहिल्या फोटोत कोपऱ्यात एक बकरी आली होती. त्यावर जळबाकाकांनी विचारलं होतं, ‘बकरीचा नंबर काय?’ ग्रुप दोन दिवस हसत होता. तेव्हापासून कोमल फोटोच्या चारही कडा कापून मगच पाठवायची.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे त्यांचं वडदरी गाव. त्यांच्या परसातून रूळ दिसायचे. बाबांनी मात्र कोमलला रुळाकडे फिरकायचं नाही अशी सक्त ताकीद दिली होती. ती ताकीद कोमल किती पाळायची, ते ग्रुपवरच्या फोटोंवरून कुणालाही कळलं असतं. बाबा ग्रुपमध्ये नव्हते हे तिचं नशीब.

दारात दिपा येऊन उभी राहिली आणि रुद्रनं ब्रश खाली ठेवला.

दिपा कोमलच्या बाकावर बसायची. पण गेले पाच आठवडे ती शाळेत कुणाशी बोलली नव्हती, आणि का बोलत नाही ते सगळ्यांना माहीत होतं.

गाव रुळाच्या अलीकडे आणि दिपाचा तांडा पलीकडे. मध्ये पूर्वी फाटक होतं. ते बंद करून रुळाखालून बोगदा काढला. जोराचा पाऊस झाला की त्यात पाणी भरायचं. ते उपसायला मोटार होती आणि मोटारीवर ठेकेदाराचा सुपरवायझर नरसिंग होता. मोटार वेळेवर सुरू करायची, एवढंच त्याचं काम. सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी तांड्यातल्या पारुबाईला रात्रीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन उचलताना साप चावला. गावातल्या दवाखान्याची ॲम्ब्युलन्स दिपाचे वडील प्रेमदास चालवायचे. ते एकटेच गाडी घेऊन निघाले, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे बोगद्यातल्या पाण्यात गाडी बंद पडली. कशीबशी सुरू करून त्यांनी ती मागे काढली आणि अकरा किलोमीटरचा वळसा घालून तांडा गाठला. तोवर पारुबाईची वाचा गेली होती. दवाखान्याच्या दारात ती गेली.

दुपारी माणसं बघायला आली तर बोगदा कोरडा! मोटार सकाळपासून चालू होती, पाणी साचलंच नव्हतं, ड्रायव्हर ढाब्यावर बसला असेल, असं नरसिंगनं लिहून दिलं. त्या वेळी बोगद्यापाशी दुसरं कुणी नव्हतं. प्रेमदासना कामावरून थांबवलं गेलं.

“उद्या चौकशी हाय, बोगद्यापाशीच,” दिपा म्हणाली. “नोटिशीसंगं हा फोटो आला. तुमी दोघं गाड्यांचे फोटो करता, म्हणून आणला. ह्यात काही खोटं दिसते का बघा.”

रंगीत झेरॉक्स होती. खाली ठणठणीत कोरडा बोगदा, वरून गाडी चाललेली. खाली सोमवारची तारीख आणि नरसिंगची सही. शेजारी लिहिलं होतं: ‘वर ११.४०ची गाडी दिसत आहे, यावरून वेळेची खात्री व्हावी.’

“बा म्हणतो, नोकरी गेली तर जाऊ दे. पण पारुबाईचा धर्मसिंग त्याच्या तोंडाकडं बघत न्हाई. तो शेतात होता आईजवळ, त्यानं बोगदा पाहिलाच न्हाई. त्याला हा फोटोच खरा वाटतो. बा जेवत न्हाई धड.”

रुद्रनं भिंग आणलं. कागदाला नाक लावून तो बघत बसला, आणि मग टुणकन उभा राहिला.

“ही इलेक्ट्रिक हाय! त्या सोमवारी तर डिझेल होतं. वादळानं तारेवर झाड पडलं होतं, लाइनीला वीजच नव्हती. ग्रुपवर केवढा गलका झाला होता! हे बघ, हे मी त्याच इंजिनाचं केलं. ताईच्या फोटोवरून. नंबरसुद्धा तोच.”

त्यानं ओल्या रंगाचं निळं इंजिन दिपासमोर धरलं. दिपानं इंजिनाकडे पाहिलं आणि मग कोमलकडे.

“तुझ्याकडं फोटो हाय?”

“होता. मिटवला.”

“काहून?”

कोमल उठून पाणी प्यायला गेली. तिला तहान लागली नव्हती.

रुद्रनं तोवर ग्रुपवर विचारलंही. त्या सोमवारचा डिझेलचा फोटो कुणी जपलाय का? पाचच मिनिटांत जळबाकाकांचं उत्तर आलं. ते सगळेच फोटो जपून ठेवायचे आणि नंबर वहीत उतरवायचे. कोमलनं संध्याकाळी आपला फोटो मिटवला तेव्हा त्यांना वाटलं, नंबर चुकला असेल म्हणून पोरगी लाजली. पाठोपाठ फोटोही आला. तारीख, वेळ ११.४१, ठिकाण वडदरी बोगदा, आणि चौकटभर निळं इंजिन. चारही कडांपर्यंत भरलेलं.

दिपानं तो बोटांनी मोठा केला, खाली सरकवला. खाली काहीच नव्हतं.

“खालचं काहून कापलं?”

“ग्रुपवर असंच टाकतात.”

“खाली पाणी होतं का, कोमल?”

“मी इंजिनाकडं बघत होते,” कोमल म्हणाली.

हे खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते कोमलइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी अतिवृष्टीची सुट्टी होती. डिझेल येणार हे कळताच ती आईचा मोबाइल घेऊन पळत सुटली आणि रुळाकडेच्या शेताच्या बांधावर उभी राहिली. तिथून बोगदा पुरता दिसायचा. त्यात लाल पाणी तुडुंब होतं. गावाकडून ॲम्ब्युलन्सचा आवाज येत होता. रस्त्याला आधी वळण आणि मग एकदम उतार, त्यामुळे पाणी ड्रायव्हरला वरून दिसणारच नव्हतं. ती पन्नास पावलं धावत गेली असती, नुसता हात केला असता, तरी गाडी वरच थांबली असती. पण तेवढ्यात रुळांवर निळं इंजिन दिसलं. असं इंजिन पुन्हा कधी दिसणार? तिनं मोबाइल वर धरला. गाडी धडधडत गेली, आवाज ओसरला, आणि खाली पाहिलं तर ॲम्ब्युलन्स बॉनेटपर्यंत पाण्यात होती. भोंगा बंद झाला होता. बाबांना कळेल या भीतीनं ती तिथून पळाली. फोटो मात्र घरी येताच ग्रुपवर टाकला. पारुबाई गेल्याचं संध्याकाळी कळलं, तसा तिनं तो मिटवला आणि मोबाइलमधला न कापलेलाही मिटवला.

हे ती कुणालाही सांगू शकली नव्हती. रात्री झोपेत तिला भोंगा ऐकू यायचा.

दिपा गेल्यावर रुद्र खुशीत म्हणाला, उद्या आधी नरसिंगकाकांना पुरतं बोलू द्यायचं, मग फोटो दाखवायचा. कोमलनं मान हलवली. डिझेलचा फोटो पुरेल, असं ती स्वतःला सांगत होती. फोटो दाखवला की काम झालं. आपल्याला काही बोलावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बोगद्यापाशी दोन गाड्या थांबल्या. चौकशीच्या मॅडम उतरल्या, त्यांच्याबरोबर लिहून घेणारा कारकून. बोगद्याच्या भिंतींना नुकताच चुना मारला होता. पाण्याची एकही खूण दिसत नव्हती. गावची माणसं एका बाजूला, तांड्याची दुसऱ्या बाजूला. प्रेमदास दोन्हींच्या मध्ये एकटेच उभे होते. त्यांचा शर्ट गळ्याशी ढिला झाला होता. धर्मसिंग त्यांच्याकडे पाठ करून उभा होता.

नरसिंगनं झकास इस्त्रीचे कपडे घातले होते. मोटार कशी सकाळपासून चालू होती, ते त्यानं हातवारे करून सांगितलं. मॅडम कागद उलटत होत्या. तेवढ्यात रुद्रनं हात वर केला, शाळेत करतात तसा.

“काका, हा फोटो तुमी स्वतः काढला का?”

“व्हय, बेटा. माझ्या मोबाइलवर.”

“त्याच सोमवारी? ही गाडी जात असतानाच?”

“म्हणजे काय! अकरा चाळीसची गाडी वरून चालली, मी खालून फोटो काढला. घड्याळ बघायचंसुद्धा काम न्हाई,” नरसिंग म्हणाला आणि मॅडमकडे बघून हसला.

“मग त्यात इलेक्ट्रिक इंजिन कसं?” रुद्रनं विचारलं आणि जळबाकाकांनी पाठवलेला फोटो मॅडमसमोर धरला.

त्या दिवशी वीज बंद होती, गाडीला डिझेल जोडलं होतं, हे त्यानं धापा टाकत सांगितलं. मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. त्यांनी लगेच स्टेशनवर फोन लावला. पलीकडून रजिस्टर बघून उत्तर यायला पाचेक मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत नरसिंगनं तीनदा घाम पुसला. डिझेलच होतं. नंबरही जुळला.

“एवढी मोठी चौकशी, आणि इंजिन कोणतं होतं हे आमच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही,” मॅडम म्हणाल्या.

पण नरसिंग कच्चा गडी नव्हता. हात जोडून तो म्हणाला, “चूक झाली, मॅडम. एप्रिलमधला फोटो लागला असेल नजरचुकीनं. पण बोगदा कोरडाच होता. ह्या पोराच्या फोटोत तरी पाणी कुठं हाय? दाखवा ना.”

मॅडमनी पुन्हा फोटो पाहिला. पाणी नव्हतं. रुद्रचं तोंड उतरलं. पुढचं त्यानं ठरवलंच नव्हतं.

प्रेमदासनी मान खाली घातली. दिपा त्यांच्याकडे बघत नव्हती. ती थेट कोमलकडे बघत होती. बाबा गावच्या माणसांत उभे होते.

“फोटो मी काढलाय,” कोमल म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा बोलावं लागलं. “फोटो मी काढलाय, मॅडम. मी त्या बांधावर होते. बोगद्यात पाणी होतं, भरपूर. मी फोटोतून ते कापलं. आणि ॲम्ब्युलन्स पाण्यात अडकलेली मी बघितली.”

कारकून भराभर लिहू लागला. मॅडमनी विचारलं, पाणी कुठपर्यंत होतं? बॉनेटपर्यंत. मोटार चालू होती का? नव्हती. गाडी गेल्यावरही आवाज नव्हता मोटारीचा. नरसिंग मध्ये बोलायला लागला, तसं मॅडमनी त्याला हातानंच थांबवलं.

“ॲम्ब्युलन्सचा भोंगा तू फोटो काढल्यानंतर ऐकलास ना?” त्यांनी सहज विचारलं. ‘नंतर’ असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणालाही कधी कळलं नसतं.

“आधी,” कोमल म्हणाली. “आधी ऐकला. पळत जाऊन हात करता आला असता मला. पण इंजिन येत होतं, म्हणून मी फोटो काढला.”

कारकुनाचा पेन थांबला.

“लिहा ते,” कोमल रडत म्हणाली. “तसंच लिहा.”

धर्मसिंग वळला. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, तेव्हा कोमलचे बाबा पुढे सरसावले. पण त्यानं फक्त विचारलं.

“तू हात केला असता तर माझी आई, माझी याडी, वाचली असती का?”

उत्तर प्रेमदासनी दिलं.

“पंधरा-वीस मिनिटं वाचली असती, पोरा. याडी वाचली असती का, ते मला न्हाई सांगता येत. मी रोज तेच इचारतो स्वतःला.”

धर्मसिंगनं त्यांच्याकडे पाहिलं, पाच आठवड्यांत पहिल्यांदाच. मग त्यानं प्रेमदासचे पाय धरले, आणि प्रेमदासनी त्याला उठवून छातीशी धरलं. दोघंही भर माणसांत रडले.

पुढचं सगळं झटपट झालं. नरसिंगला मॅडमनी गाडीत बसवलं, ठेकेदारालाही बोलावणं गेलं. प्रेमदासना कामावर घ्यायचं तिथल्या तिथं लिहिलं गेलं. मॅडमनी रुद्रची पाठ थोपटली, “शाब्बास, तुझ्यासारखी नजर आमच्या ऑफिसात हवी,” म्हणाल्या. कोमललाही त्या म्हणाल्या की एवढं खरं बोलायला मोठ्या माणसांनाही जमत नाही. सरपंचांनी दोघांचा सत्कार करायचं जाहीर केलं. कोमलनं मानेनंच नको म्हटलं. बाबा तिला रागावले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

माणसं पांगली. कोमल बांधावर बसून राहिली. थोड्या वेळानं दिपा येऊन शेजारी बसली. वरून साडेबाराची मालगाडी गेली, पण कोमलनं वर पाहिलं नाही.

“मला राग हाय तुझा,” दिपा म्हणाली.

“व्हय.”

“लई दिवस राहील.”

“व्हय.”

दिपा उठली, परकर झटकला आणि उतारावरून बोगद्याकडे निघाली. चार पावलांवर ती थांबली.

“उद्या पारुबाईच्या घरी तांड्यातल्या बायका जमणार हायेत. त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचं हाय,” ती म्हणाली. “तू ये. मी तुझ्यासंगं बसेन.”