नऊ बावन्नला पहारा ढिला झाला

“दानेश्वरी, हातातलं टाक आणि ये! अख्खा लॉट गेला!”

विरुपाक्षअण्णांचा आवाज फोनमधून इतका मोठा आला की शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. दानेश्वरीने नव्या पेठेतल्या ऑफिसात नुकताच डबा उघडला होता. तो तसाच झाकून तिने लॅपटॉप उचलला आणि स्कूटी अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे दामटली.

खोटं कशाला बोला, तिला वाईट वाटलं नव्हतं. आनंद झाला होता. या दिवसाची ती दोन वर्षं वाट बघत होती.

तिचे बाबा महादेवप्पा हे विरुपाक्षअण्णांच्या याच टॉवेल कारखान्यात तीस वर्षं रंगमास्तर होते. तीन वर्षांपूर्वी असाच एक लॉट बिघडला. मॅनेजर पृथ्वीराजने रंगघरात सगळ्यांदेखत सांगितलं, “मास्तरांनी रंगाचं माप चुकवलं.” झालं! बाबा घरी बसले ते बसलेच. लग्नाकार्याला जाणं सोडलं, कुणी भेटायला आलं तर आतल्या खोलीत जाऊन पडायचे. दानेश्वरीने मग इथलं कॉम्प्युटरचं काम मुद्दाम मागून घेतलं. रंगयंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामभोवती तिने असा पहारा बसवला, की पृथ्वीराजने पुन्हा काही केलं तर त्याला निसटायला जागा राहू नये.

रंगघरात ओले टॉवेल ढिगाने पडले होते. हवे होते गडद निळे, निघाले होते वांगी रंगाचे. यंत्रावरची सोजरबाई भिंतीला टेकून उभी होती. पदर डोळ्यांना लागलेला.

“हिनंच केलंय,” पृथ्वीराज म्हणाला. “बटण हिनं दाबलं. चार वाजता पोलीस येतायत.”

घड्याळात अडीच वाजले होते. दानेश्वरीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“मावशी, सकाळी काय झालं? अगदी पहिल्यापासून सांगा.”

“पावणेदहाच्या आत बटण दाबलं बगा. मशीन चालूच हुईना. रेसिपी वाचता येत न्हाय, असं आलं पडद्यावर.”

“मग?”

“मग लॅबमदी जाऊन सांगितलं. दहा मिनटं थांबा म्हनले. थांबले. परत दाबलं तर चाललं की.”

“रंगाच्या मापाच्या त्या रेसिपीला हात लावलात?”

“म्या कशाला लावू? मला बटणाबिगर काय कळतंय त्यातलं?”

आता पृथ्वीराजची पाळी.

“तुमचा पासवर्ड कुणाला माहीत आहे?”

“कुणाला नाही.”

“रंगांचे नमुने लावलेल्या शेडकार्डाच्या मागं पेनानं लिहिलाय, तो कुणाचा?”

पृथ्वीराज ओशाळला. “लक्षात राहत नाही. म्हणून लिहिला.”

“लॅबच्या फोल्डरमध्ये गेला होता?”

“तूच जाऊ देत नाहीस ना! किती वेळा भांडलो मी त्यावरून.”

खरं होतं ते. लॅबचं फोल्डर फक्त लॅबसाठी, असा नियम तिनेच केला होता.

लॅब सांभाळणारा इंद्रजीत दारात उभा होता. बाबांच्या हाताखाली शिकलेला पोरगा, बाबांना अजून ‘मास्तर’ म्हणणारा. ती जवळून गेली तसा तो हळूच म्हणाला, “ताई, पहारा कुणी ढिला केला तेवढं बघा. लॉगिन सापडंल तुमाला.”

ती अण्णांच्या केबिनमध्ये नोंदी उघडून बसली. बिघडलेली रेसिपी यंत्रात नव्हती. काम झाल्यावर कुणीतरी तिथे बरोबर रेसिपी परत ठेवली होती. पण नोंदी जागच्या जागी होत्या. नऊ चाळीसला प्रोग्रामने रेसिपी वाचायला घेतली, पहाऱ्याने अडवलं. नऊ बावन्नला पहारा ढिला झाला, लॉगिन पृथ्वीराजचं. नऊ चोपन्नला तीच रेसिपी वाचली गेली.

पृथ्वीराज! सापडलास, मेल्या.

मग तिने नऊ चाळीसची ओळ शेवटपर्यंत वाचली, आणि तिचा चेहराच उतरला.

गप्प बसायचं, बस्स. सोजरबाई सुटेल, पृथ्वीराज पोलीस चौकीत जाईल, बाबांना फोन करून सांगता येईल. तिच्याशिवाय ही ओळ या कारखान्यात कुणाला वाचता येत होती? कुणालाच नाही. तिला पृथ्वीराज हवाच होता, जीव जाईपर्यंत हवा होता. पण जे त्याने केलं त्यासाठी हवा होता. जे केलं नाही त्यासाठी त्याला बुडवायचं म्हणजे बाबांच्या वेळचा तो आणि आजची ती, दोघं सारखेच की!

तिने सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

“अण्णा, हा प्रोग्राम म्हणजे घरात कामाला ठेवलेला माणूस समजा. स्वयंपाकघरात ये, बाकीच्या खोल्यांना हात लावायचा नाही. कुठली फाईल कुठल्या खोलीची, हे ओळखायला मी प्रत्येक फाईलवर चिठ्ठी लावलीय. यंत्राच्या फोल्डरची वेगळी, लॅबची वेगळी. यंत्राची चिठ्ठी असलेलीच फाईल प्रोग्राम वाचू शकतो.”

“बरं, मग?”

“लॅबमधून रेसिपीची कॉपी यंत्राच्या फोल्डरमध्ये ठेवली, की तिला आपोआप यंत्राची चिठ्ठी लागते. रोज तसंच होतं. आज मात्र माप बिघडवलेली मूळ फाईलच उचलून तिकडं हलवली, लॅबमध्ये मागं काही राहू नये म्हणून. आणि हलवलेल्या फाईलवर जुनी चिठ्ठी तशीच राहते. नऊ चाळीसला पहाऱ्याने अडवलेल्या फाईलवर चिठ्ठी होती लॅबची.”

तिने लॅपटॉप अण्णांकडे वळवला.

“मावशी लॅबमध्ये सांगायला गेल्या. यंत्र अडलंय हे तिथं कळलं. मग शेडकार्डामागचा पासवर्ड घेऊन पृथ्वीराजांच्या नावानं पहारा ढिला केला.”

“त्यानंच स्वतः केला नसेल कशावरून?” अण्णांनी विचारलं.

“कारण फाईल आधी आली, पहारा नंतर ढिला झाला. आणि तोही फक्त रंगयंत्राच्या प्रोग्रामपुरता, मॅनेजरच्या लॉगिनला तेवढीच मुभा आहे. लॅबचं फोल्डर बंद ते बंदच होतं. पृथ्वीराजांना तिथली फाईल हलवताच आली नसती.” ती वळली. “इंद्रजीत, तुला वाटलं पहारा ढिला केला की बाकीच्या नोंदीही थांबतील. त्या थांबत नाहीत रे. ढिला पहारा अडवत नाही, पण लिहीत राहतो. फक्त लॉगिन बघा म्हणालास तू. म्हणजे लॉगिनची नोंद असणार, हे तुला आधीच माहीत होतं.”

इंद्रजीत पुढे आला. “मास्तरांसाठी केलं, ताई. मास्तरांवर आणली तशी वेळ ह्याच्यावर यावी म्हणून. हा मावशींचं नाव घेईल असं वाटलं न्हवतं.”

“अरे पण घेतलं ना! आणि तू दारात उभा राहून बघत होतास! बाबांच्या वेळीही सगळे असेच उभे होते.”

तो मान खाली घालून सोजरबाईच्या पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले.

“त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, अण्णा,” दानेश्वरी म्हणाली आणि पृथ्वीराजसमोर जाऊन उभी राहिली. “मी तोंड शिवून बसले असते तर चार वाजता गाडीत तुम्ही असता. वाचवलं मी तुम्हाला. मला एकच खरं वाक्य हवंय. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या त्या लॉटचं माप कुणी चुकवलं?”

पृथ्वीराजने अण्णांकडे बघितलं. अण्णा टेबलावर हात टेकून त्याच्याकडेच बघत होते.

“मी,” तो पुटपुटला. “कागदावर आकडा मीच चुकीचा लिहिला होता. मास्तरांनी विचारलंही होतं, नक्की का म्हणून.”

दानेश्वरीने फोन लावला, स्पीकर चालू करून त्याच्या तोंडासमोर धरला.

“यारू? कोण?” पलीकडून बाबांचा थकलेला आवाज आला.

“मास्तर, मी पृथ्वीराज. त्या वेळी चूक माझी होती. मला माफ करा.”

सोजरबाई फोनजवळ सरकली.

“हे मला कशाला सांगता?” महादेवप्पा म्हणाले. आवाज आता थकलेला नव्हता. “मला पहिल्यापासून माहीत हाय ते. रंगघरात जा. सगळ्यांना गोळा करा आणि तिथं बोला. दाना, फोन बंद करू नको. मला ऐकायचंय.”

अण्णांनी उठून केबिनचं दार उघडलं. पृथ्वीराज बाहेर निघाला आणि दानेश्वरी हातातला फोन उंच धरून त्याच्या मागोमाग चालत गेली.