साडेतीन मीटरात किती पोलकी?

"दोन तृतीयांश मीटर उरेल," सुमती ठामपणे म्हणाली.

"अर्धा मीटर उरेल, बाई," दुकानदार कापडावरची नजर न काढता म्हणाला.

डोंबिवलीतल्या त्या कटपीसच्या दुकानात ती पहिल्यांदाच आली होती. स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलींसाठी पोलकी शिवायची होती, एकेकीला पाऊण मीटर. तुकडा साडेतीन मीटरचा. साडेतीन भागिले पाऊण, म्हणजे चार पूर्णांक दोन तृतीयांश. दहा वर्षं सहावीला गणित शिकवणाऱ्या बाईला एवढ्यासाठी कागद कशाला लागतो!

"मी गणिताची शिक्षिका आहे."

"असाल हो. पण कापड माझंय ना!"

त्याने पाऊण-पाऊण मीटरचे चार तुकडे कापले आणि उरलेलं पट्टीला लावलं. बरोबर अर्धा मीटर. सुमतीचा चेहरा असा उतरला, की त्यालाच वाईट वाटलं.

"तुमचं पण चुकलेलं नाय, बाई. हे बघा, अर्धा मीटर म्हणजे दोन पाव. पोलक्याला लागतात तीन पाव. म्हणजे पोलक्याचे तिनातले दोन हिस्से झाले. तुम्ही पोलकी मोजलीत, मी मीटर."

सुमती बघतच राहिली... "आणि एका मीटरात किती पोलकी?"

"चार पाव असतात. तिनाचं एक पोलकं, वर उरतो एक पाव. एक पोलकं आणि एकाचा तिसरा हिस्सा."

चार तृतीयांश! पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश, तो उलटा केला की येतो तोच आकडा. एका मीटरात एवढी पोलकी, तर साडेतीन मीटरात त्याच्या साडेतीन पट, म्हणून तर गुणायचं! त्याच सकाळी वर्गातल्या शकूने विचारलं होतं, "बाई, भागायचं असताना उलटं करून गुणायचं कशाला?" आणि बाईंनी "नियम आहे" म्हणून तिला खाली बसवलं होतं.

त्या आनंदातच ती खोलीवर आली. कुलूप काढलं, आणि सांगायला तोंड उघडलं तर समोर नुसती भिंत. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं, भाऊ नागपूरला. आनंद झाला आणि तो ऐकायला घरात कुणी नाही, याच्याइतकं वाईट काही नसतं. तिने आमटी-भात वाढून घेतला आणि निम्मा टाकून दिला.

सोमवारी तिने वर्गात कागदाच्या पट्ट्या कापून सगळं समजावलं. "बाई, मग हे आधी का नाय सांगितलं?" शकू म्हणाली. बाई मोकळेपणाने म्हणाल्या, "मलाच कळलं नव्हतं गं."

हे दुकानदाराला सांगायला नको? शनिवारी ती गेली. मग पुढच्या शनिवारी. उत्तम त्याचं नाव. आयरे गावातला आगऱ्याचा मुलगा, सातवीपर्यंत शिकलेला.

"आज काय घेणार, बाई?"

"काही नाही. दीड भागिले दोन तृतीयांश."

"ते आमच्याकडं स्वस्तात आहे," तो म्हणायचा आणि स्टूल पुढे सरकवायचा. चहा मात्र न विचारता यायचा, कमी साखरेचा.

पण शिक्षकांच्या खोलीला कान असतात. "सुमतीबाई हल्ली कापड फार घेतात," कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. साठ्यांची, ब्राह्मणाघरची मुलगी, वय चौतीस, आणि कटपीसवाला! सुमतीने जाणं बंद केलं. तीन शनिवार ती खोलीत बसून वह्या तपासत राहिली. बरोबरच्या खुणा करताना सुद्धा तिला रडू येत होतं.

चौथ्या शनिवारी ती गेलीच.

उत्तमने स्टूल पुढे केलं नाही. "उद्या माझी सुपारी फोडायची आहे," तो हळूच म्हणाला. "चोळे गावातली पोरगी आहे. तीन आठवडे थांबवलं मी पोरीकडच्यांना. आई म्हणते, आता अजून कशासाठी?"

सुपारी फुटली की लग्नाचा शब्द दिला गेला. मग माघार नाही, हे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

"कशासाठी थांबवलंत?"

"तुम्ही याल म्हणून... मला काय माहीत, तुम्हाला माझी लाज वाटते ते!"

"वाटत होती," सुमती म्हणाली. डोळे भरून आले तरी तिने मान खाली घातली नाही. "लोकांची भीती वाटत होती. पण त्या खोलीत मी एकटी मरून जाईन, उत्तम. मला तुम्ही हवे आहात... उद्या सुपारी फोडू नका."

त्याने हळूच स्टूल पुढे सरकवलं.

"आई ऐकायची नाय. लई कडक आहे ती."

"मग मी बोलते त्यांच्याशी. आत्ता."

भर बाजारात, संध्याकाळी पाच वाजता, उत्तमने शटर खाली ओढलं. शेजारचा भांडीवाला बाहेर येऊन बघत राहिला.  पण आयऱ्याच्या रस्त्याला सुमती उत्तमच्या आधी वळली.